वायर कापल्याने मॅग्नेटो बंद होत नाही

‘विमान कंपन्या तुमच्यापासून काय लपवतात?’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. सकाळच्या सुविचारांच्या मागोमाग तो आमच्या गटावरही येऊन पडला, तेव्हा मी दुर्लक्ष केले. अशा प्रत्येक मजकुराला उत्तर देत बसायचे म्हटले तर पार्ल्याच्या बाजारात भाजी आणायला जाणेही जमणार नाही. परंतु माझा भाचा वसईच्या एका गाळ्यात मित्रांबरोबर दोन आसनांचे विमान बांधतो आहे, त्यासाठी त्यांनी जुने लायकमिंग ओ-320 इंजिन मिळवले आहे, आणि त्याने तोच मजकूर मला पाठवून खाली लिहिले, “मामा, हे सोपं दिसतंय. शनिवारी करून बघू का?” जुहूला पिस्टन इंजिनांच्या देखभालीत नोकरीची बहुतेक वर्षे काढलेल्या माणसाला एवढे वाचल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

मजकूर ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातील दावे थोडक्यात सांगतो. मॅग्नेटो, म्हणजे विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडणारे यंत्र, हे शंभर वर्षांपूर्वीचे टाकाऊ तंत्र असून कंपन्या ते केवळ नफ्यासाठी चालू ठेवतात. दोन्ही मॅग्नेटो काढून मोटारीची किंवा मोटारसायकलची सीडीआय, म्हणजे बॅटरीवर चालणारे ठिणगीचे इलेक्ट्रॉनिक खोके, बसवली की इंजिनाची ताकद 20 टक्के वाढते आणि पेट्रोल 30 टक्के वाचते. ठिणगी जितकी आधी पडेल तितकी ताकद जास्त, म्हणून टायमिंग, म्हणजे पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडावी तो आकडा, 25 अंशांवरून 35 अंशांवर न्यावे. हल्लीच्या बॅटऱ्या बंद पडत नाहीत, म्हणून एकच पुरे. मॅग्नेटो उतरवण्याचा त्रास नको असेल तर त्याच्या मागची वायर कापून टाकावी, म्हणजे तो बंद होतो. छोट्या विमानांची इंजिने बनवणारी रोटॅक्स कंपनी स्वतःच इलेक्ट्रॉनिक इग्निशन (ठिणगी देणारी व्यवस्था) देते, हा याचा पुरावा. सगळा खर्च तीन हजार रुपये. आणि घरी बांधलेल्या विमानाला कसलाच नियम लागू नाही. शेवटी हात जोडल्याचे चिन्ह आणि ‘एक विमानप्रेमी अभियंता’ अशी सही.

क्रम त्यांचा मोडतो आणि वायर कापण्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी इंजिन खराब होईल किंवा विमान पडेल, पण या एका चुकीने विमान गाळ्याच्या बाहेर निघण्याआधीच कोणाचा तरी हात जाईल.

मॅग्नेटोच्या पोटात एक कायमचे चुंबक फिरते आणि त्यामुळे प्राथमिक कॉइलमध्ये वीज निर्माण होते. ब्रेकर पॉइंट उघडले की तो प्रवाह एकदम तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन वितरकामार्फत (डिस्ट्रिब्युटर) एकेका प्लगपर्यंत पोहोचतो. या सगळ्याला बॅटरी लागत नाही, स्विच लागत नाही, बाहेरचे काहीच लागत नाही. चुंबक फिरले की ठिणगी पडणारच. मग मॅग्नेटो बंद कसा करतात? त्याच्या मागच्या बाजूला एक छोटा बोल्ट असतो, त्याला पी-लीड नावाची वायर जोडलेली असते आणि ती वैमानिकासमोरच्या इग्निशन स्विचपर्यंत जाते. स्विच ‘बंद’वर नेला की ही वायर विमानाच्या धातूला जोडली जाते, म्हणजे प्राथमिक कॉइलला अर्थिंग मिळते, पॉइंट उघडले तरी प्रवाहाला जायला वाट मिळते, तो तुटत नाही आणि म्हणून ठिणगी पडत नाही. थोडक्यात, स्विच बंद असतो तेव्हा वायर जोडलेली असते आणि चालू असतो तेव्हा सुटलेली असते. ही वायर कापणे म्हणजे मॅग्नेटो कायमचा चालू करून ठेवणे.

मोटारीत याच्या अगदी उलट असते. तिथे किल्ली ‘बंद’कडे फिरवली की बॅटरीपासून इग्निशनपर्यंतची वाट तुटते, म्हणून तिथे वायर कापली तर गाडी खरोखरच बंद पडते. मजकूर लिहिणाऱ्याने मोटारीचे ज्ञान विमानाला लावले आणि एकदाही मॅग्नेटो उघडून न पाहता ते हजारो लोकांना वाटले.

आता पुढे काय घडते ते पाहा. लायकमिंगच्या डाव्या मॅग्नेटोवर बहुधा इम्पल्स कपलिंग असते. इंजिन सुरू करताना पुढचा पंखा (प्रोपेलर) सावकाश फिरतो, त्या गतीत मॅग्नेटो पुरेशी ठिणगी देऊ शकत नाही. म्हणून या कपलिंगमधली स्प्रिंग चुंबकाला क्षणभर अडवून धरते आणि मग झटक्यात सोडते. पंखा हाताने हळूहळू फिरवला तर सिलिंडरमधील दाबाचा जोर जाणवतो, तो जोर शिगेला पोहोचण्याच्या सुमारास इंजिनाच्या मागून ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो, आणि पी-लीड तुटलेली असेल तर त्या ‘टक्’बरोबर त्या सिलिंडरमध्ये पूर्ण ताकदीची ठिणगी पडते. सिलिंडरमध्ये पेट्रोलची थोडी जरी वाफ उरलेली असली तरी तेवढे पुरते. पंखा एकदा झटका देऊन अर्धा फेरा फिरला की समोर उभ्या असलेल्या माणसाला मागे सरायला वेळ मिळत नाही. भाच्याच्या गाळ्यात रविवारी मित्रांची मुले येतात आणि पंख्याला हात लावून फोटो काढून घेतात, हे त्यानेच पाठवलेल्या छायाचित्रांत मी पाहिले आहे.

यातील अधिक वाईट भाग असा की ही चूक लवकर लक्षातही येत नाही. विमानाचे इंजिन मोटारीसारखे किल्ली फिरवून बंद करण्याची रीत नाही; मिक्श्चरचा दांडा मागे ओढून पेट्रोल तोडतात आणि इंजिन उपाशी राहून थांबते. म्हणजे वायर कापलेली असली तरी इंजिन रोज व्यवस्थित थांबते, नंतर स्विच ‘बंद’वर नेला जातो, किल्ली खिशात जाते आणि सर्वांना वाटते की इंजिन निर्जीव आहे. म्हणूनच कार्यशाळेत शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगतात की पंखा नेहमी ‘जिवंत’ समजायचा, स्विच काहीही म्हणत असला तरी. तपासण्याची रीतही साधी आहे: इंजिन थांबवण्याआधी अगदी कमी गतीवर स्विच क्षणभर ‘बंद’ करून परत चालू करायचा, त्या क्षणी इंजिन मरू लागले पाहिजे. ते तसेच चालत राहिले तर एखाद्या मॅग्नेटोची पी-लीड तुटलेली आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत कोणीही पंख्याजवळ जायचे नाही. मॅग्नेटो खरोखरच नको असेल तर तो उतरवावा, त्या जागी झाकणपट्टी गॅस्केटसह बसवावी आणि त्याच्या तारा प्लगांवरून काढाव्यात. कात्रीचे काम त्यात कुठेही नाही.

एकाच बॅटरीचा सल्ला हा दुसरा घातक मुद्दा. त्यावर मजकुरात युक्तिवाद असा आहे की, “गाडी चालवताना तुमची बॅटरी शेवटची कधी बंद पडली होती?” प्रश्न चुकीचा आहे. पश्चिम द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडली तर माणूस ती कडेला घेतो, चार शिव्या खातो आणि टोइंगवाल्याची वाट पाहतो. मुंबईहून धुळ्याला सरळ रेषेत सुमारे 285 किलोमीटर अंतर आहे आणि वाटेत कसारा-इगतपुरीचे डोंगर आहेत. तिथे कडेला घेण्याजोगे काही नाही.

या बाबतीत मी माझे मत सांगत नाही. अमेरिकेच्या विमान नियमावलीच्या 33 व्या भागातील 37 वे कलम, जे प्रमाणित विमान इंजिनांना लागू होते, ते सांगते की ठिणगीवर चालणाऱ्या प्रत्येक इंजिनाला दुहेरी इग्निशन हवे, प्रत्येक सिलिंडरला किमान दोन प्लग हवेत, आणि दोन स्वतंत्र विद्युत मंडले हवीत ज्यांचे ऊर्जास्रोतही स्वतंत्र असतील. नाहीतर उड्डाणात तितकीच विश्वासार्ह ठरेल अशी दुसरी व्यवस्था हवी. घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनाला हे कलम कायद्याने लागू होत नाही, हे मान्य. परंतु त्यामागचे कारण लागू होते, आणि ते कारण ‘स्रोतही स्वतंत्र’ या दोन शब्दांत आहे. दोन सीडीआय बसवल्या, दोन-दोन प्लग बसवले आणि दोन्हींना एकाच बॅटरीवर जोडले, तर दिसायला दुहेरी असलेली ती व्यवस्था प्रत्यक्षात एकेरी असते.

एकेरी म्हणजे काय, ते नीट पाहण्यासारखे आहे. अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी भरत राहणाऱ्या जनित्राचा, पट्टा तुटला, तर उरते ती बॅटरी. छोट्या विमानात बहुधा सतरा-अठरा अँपिअर-तासांची बॅटरी असते; ती दोन वर्षांची जुनी असेल आणि मुंबईच्या उकाड्यात उभ्या विमानात राहिली असेल तर तिच्यात अर्धीच शक्ती उरलेली असू शकते. रेडिओ, ट्रान्सपाँडर, दिवे, इंधनाचा विजेवर चालणारा पंप आणि दोन इग्निशन मिळून दहा-बारा अँपिअर ओढू लागले, तर वैमानिकाच्या हातात अर्धा-पाऊण तास असतो, तोही अल्टरनेटर गेल्याचे त्याला लगेच कळले तर. दुसरी शक्यता उलट दिशेची आहे: रेग्युलेटर बिघडून विजेचा दाब वाढला, तर दोन्ही इलेक्ट्रॉनिक खोकी एकाच क्षणी जळतात. तिसरी अगदी क्षुल्लक वाटते, ती म्हणजे अर्थिंगची एक सैल नटबोल्टची जोडणी. जुहूसारख्या समुद्रालगतच्या ठिकाणी, पावसाळ्यात तर विशेषच, अर्थिंगच्या वायरींच्या टोकांवर हिरवा गंज चढलेला मी कितीतरी विमानांत पाहिली आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाची शक्यता चौथी आहे आणि ती मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेलीच नाही. उड्डाणात कॉकपिटमध्ये वायर जळल्याचा वास आला, धूर दिसला, तर वैमानिकाने करायची पहिली गोष्ट म्हणजे मास्टर स्विच, विमानाची सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करणे. छोट्या विमानांच्या पुस्तिकांत विजेच्या आगीच्या यादीत हेच पहिले लिहिलेले असते, आणि ते इतके सहज लिहिता येते याचे कारण इंजिनाला त्या विजेची गरज नसते. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतात. मास्टर बंद झाला, रेडिओ गेला, दिवे गेले, तरी इंजिन चालू राहते आणि वैमानिक खाली उतरण्याची जागा शोधू शकतो. मजकुरातल्या व्यवस्थेत त्याच वैमानिकाला आग आणि बंद इंजिन यांपैकी एक निवडावे लागते. बॅटरी नसलेली जुनी चेतक किक मारली की सुरू होई, हे ज्यांच्या घरात तशी स्कूटर होती त्यांना आठवत असेल; तेच तत्त्व चार हजार फुटांवर माणसांना जिवंत ठेवते.

आता टायमिंग. “ठिणगी जितकी आधी तितकी ताकद जास्त” हे वाक्य अर्धवट खऱ्याचे उत्तम उदाहरण आहे. पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटायला आणि जळून दाब वाढायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याआधीच ठिणगी द्यावी लागते. मिनिटाला 2700 फेऱ्यांवर क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, 25 अंश फिरायला सुमारे दीड मिलिसेकंद लागतो. सगळा हिशोब असा बसवलेला असतो की दाबाचा शिखरबिंदू पिस्टन खाली उतरू लागल्यानंतर, सुमारे पंधरा अंशांवर यावा, म्हणजे तो दाब पिस्टनला ढकलण्यात खर्च होतो. ठिणगी त्याहून खूप आधी दिली तर शिखरबिंदूही आधी येतो, पिस्टन अजून शिखराजवळच असताना त्याच्या डोक्यावर दाब आदळतो, सिलिंडर हेडचे तापमान चढते आणि न जळलेले मिश्रण एकदम भडकून डेटोनेशन सुरू होते. मोटारीत ते खडखड असे ऐकू येते आणि चालक पाय उचलतो. विमानात पंख्याच्या आणि एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकू येत नाही. कळते ते पिस्टनला भोक पडल्यावर.

35 हा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, एवढे मान्य करावे लागेल. विमानासाठी खास बनवलेल्या चांगल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशन व्यवस्था मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, मोजतात आणि तो कमी असेल, म्हणजे विमान उंचावर असेल किंवा थ्रॉटल अर्धा बंद असेल, तेव्हा टायमिंग 35 अंशांच्या आसपास किंवा त्याहून पुढेही नेतात. विरळ मिश्रण हळू जळते, म्हणून त्याला अधिक वेळ द्यावा लागतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडून समुद्रसपाटीवरून उड्डाण करताना, जेव्हा मॅनिफोल्ड प्रेशर पाऱ्याच्या 29 इंचांच्या आसपास असते, तेव्हा त्याच व्यवस्था टायमिंग परत इंजिनाच्या मूळ आकड्यापाशी आणतात. मजकुराने त्यातला 35 उचलला आणि ‘कधी’ सोडून दिले. मोटारसायकलची सीडीआय मॅनिफोल्ड प्रेशर सहसा मोजतच नाही. ती बघते ती फेऱ्यांची संख्या, आणि विमानाचे इंजिन उड्डाणात आणि उंचावर जवळजवळ सारख्याच फेऱ्यांवर फिरते. म्हणजे टायमिंग बदलायला हवे तेव्हा ती बदलणार नाही. इंजिनाच्या अंगावर जी धातूची पट्टी असते तिच्यावर त्या इंजिनाचे टायमिंग कोरलेले असते. बहुतेक ओ-320 वर ते 25 असते, काही लायकमिंग इंजिनांवर 20 असते. आधी ती पट्टी वाचावी.

वर या मंडळींपैकी कोणाला पंपावरचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ‘चालून जाईल’ असे वाटत असेल, तर ते आणि 35 अंश मिळून काय करतील याची कल्पनाच करवत नाही. लायकमिंगच्या मान्य इंधनांच्या यादीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल नाही, आणि त्यावर चर्चेला जागा नाही.

20 टक्के ताकद आणि 30 टक्के पेट्रोल हे दोन दावे मी एकत्र घेतो, कारण दोन्हींची लायकी एकच आहे. 160 अश्वशक्तीचे इंजिन ठिणगी बदलल्याने 192 अश्वशक्तीचे होणार असेल, तर जगातील सगळ्या इंजिन कारखान्यांनी सिलिंडर मोठे करण्याचा खटाटोप उगाच केला असे म्हणावे लागेल. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाची ताकद ठरते ती त्यात किती हवा शिरते यावर. ठिणगी आधीच योग्य वेळी पडत असेल तर तिथे मिळवण्यासारखे फारसे काही उरत नाही. इंधनाच्या बाबतीत थोडे पदरात पडते. उंचावर, कमी मॅनिफोल्ड प्रेशरवर, मिश्रण विरळ करून उडताना जोरदार ठिणगी आणि पुढे नेलेले टायमिंग यांमुळे इंजिन गुळगुळीत चालते आणि काही टक्के इंधन वाचते. उत्पादक अनुकूल परिस्थितीत दहा टक्क्यांच्या आसपासचा आकडा सांगतात. इंजिन गरम असताना पुन्हा सुरू करणे सोपे जाते, हाही खरा फायदा आहे, आणि मे महिन्यात ज्याने उन्हात उभे राहून गरम इंजिन चालू करण्याचा प्रयत्न केला आहे त्याला त्याची किंमत कळेल. पण जुहूच्या आसपास हजार-दोन हजार फुटांवर घिरट्या घालणाऱ्याला यातले फार थोडे मिळते.

रोटॅक्सचा पुरावा तर उलटा लागतो. रोटॅक्स 912 वर कारखान्यातूनच ब्रेकर पॉइंट नसलेले इलेक्ट्रॉनिक इग्निशन येते, हे खरे आहे. पण ते दुहेरी आहे, त्याची दोन स्वतंत्र मंडले आहेत आणि त्याला लागणारी वीज इंजिनातच असलेल्या जनरेटरच्या खास कॉइलमधून येते. इंजिन एकदा सुरू झाले की विमानाची बॅटरी काढून टाकली तरी ठिणगी चालू राहते. ज्या कंपनीचे नाव घेऊन एका बॅटरीचे समर्थन केले आहे, त्या कंपनीने नेमके तेच टाळले आहे.

“शंभर वर्षांपूर्वीचे तंत्र” हे खरे आहे, किंबहुना थोडे कमीच सांगितले आहे. बॉश कंपनीत गॉटलॉब होनोल्ड यांनी उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो 1902 मध्ये तयार केला. राइट बंधूंच्या 1903 च्या इंजिनातही मॅग्नेटोच होता, फक्त कमी दाबाचा. जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले त्या पस मॉथच्या इंजिनालाही मॅग्नेटोचीच ठिणगी होती. जुने आहे म्हणून वाईट, हा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. मॅग्नेटोचे खरे दोष वेगळे आहेत आणि मजकुरात त्यांचा उल्लेखही नाही. चार सिलिंडरच्या इंजिनाचा एक मॅग्नेटो 2700 फेऱ्यांवर मिनिटाला 5400 ठिणग्या देतो, तासाला 3 लाख 24 हजार. पॉइंट घासतात, त्यांचे अंतर बदलते, त्याबरोबर टायमिंग सरकते. म्हणूनच दर 500 तासांनी मॅग्नेटो उतरवून उघडण्याचा सल्ला दिलेला असतो, आणि 500 तासांत त्याने 16 कोटींहून अधिक ठिणग्या दिलेल्या असतात. मुंबईच्या दमट हवेत वितरकाच्या ठोकळ्यात ओल शिरते, त्यावर कोळशासारखी काळी रेघ उमटते आणि वीज प्लगऐवजी त्या रेघेवरून पळते. मॅग्नेटोचे टायमिंग एकाच आकड्यावर बांधलेले असते, हा त्याचा सर्वांत मोठा दोष. एके काळी दोन मॅग्नेटो एकाच खोक्यात, एकाच दातेरी चाकावर बसवण्याचा प्रयोगही झाला, बेंडिक्सचे ते दुहेरी मॅग्नेटो काही सेसना 172 विमानांवर होते. एकच चाक तुटले तर दोन्ही जातील म्हणून त्याच्यावर जाणकारांची नाराजी राहिली. जिथे एका चाकावर एवढी चर्चा होते, तिथे एका बॅटरीवर सगळा भार टाकण्याची सूचना केली जाते आहे.

प्लगबद्दल मजकुरात दोन ओळी आहेत आणि त्या फारशा चुकीच्या नाहीत. विमानाचे प्लग 18 मिलिमीटरच्या आट्यांचे आणि आवरण घातलेले असतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशनबरोबर 14 मिलिमीटरचे मोटारीचे प्लग अडॅप्टर लावून वापरणारे, घरी विमान बांधणारे लोक आहेत. मात्र प्लगची उष्णता-श्रेणी जुळवावी लागते आणि तारांचे आवरण नीट नसेल तर रेडिओत खरखर येते. तीन हजार रुपयांबद्दल मी काही लिहीत नाही. विमानासाठी बनवलेली एक इग्निशन व्यवस्था आयात करून घरी येईपर्यंत लाखाच्या पुढे जाते.

नियम नाही, हे म्हणणे धादांत खोटे आहे. भारतात विमानाची नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, घरी बांधलेले असो वा कारखान्यात. मजकुरात ज्यांचा दाखला दिला आहे त्या कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपला घराच्या गच्चीवर विमान बांधले, फेब्रुवारी 2016 मध्ये ते बांद्रा-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, नोंदणी नोव्हेंबर 2017 मध्ये मिळाली आणि उड्डाणाची परवानगी यायला 2019 उजाडले. नियमच नसते तर ही वर्षे कशात गेली? अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्याला आपल्या इंजिनात बदल करण्याचे बरेच स्वातंत्र्य आहे, पण तिथेही नव्या विमानाला ठरवून दिलेल्या भागात चाचणीची उड्डाणे करावी लागतात: प्रमाणित इंजिन आणि पंखा यांची जोडी असेल तर साधारण 25 तास, नसेल तर 40.

ज्याला खरोखरच इग्निशन सुधारायचे आहे, त्याच्यासाठी मार्ग आहे, आणि तो मी भाच्याला सविस्तर लिहून पाठवला आहे. एक मॅग्नेटो ठेवावा, दुसऱ्याच्या जागी विमानासाठी बनवलेली इलेक्ट्रॉनिक व्यवस्था घ्यावी. कोणता ठेवायचा हे इम्पल्स कपलिंग कोणावर आहे ते पाहून आणि त्या व्यवस्थेच्या उत्पादकाच्या सूचना वाचून ठरवावे, कारण सुरुवातीची ठिणगी पुढे कोण देणार हे त्यावरच अवलंबून असते. तिची वीज मास्टर स्विचमागून न घेता स्वतंत्र फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे धूर दिसला तर मास्टर विनाशंका बंद करता येईल. दोन्ही बाजू इलेक्ट्रॉनिकच हव्या असतील, तर स्वतःची वीज स्वतः तयार करणारी पी-मॅगसारखी व्यवस्था घ्यावी किंवा दुसरी बॅटरी बसवावी आणि ती दरवर्षी बदलावी. इलेक्ट्रॉनिक खोके इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही. त्याला गार हवेची नळी द्यावी लागते.

जमिनीवर तपासणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण नवशिके तिथे घाबरतात. दोन्ही मॅग्नेटो असताना एकेक बंद केल्यावर फेऱ्या साधारण सारख्या उतरतात आणि दोन्हींतला फरक 50 च्या आत असावा लागतो. एक बाजू इलेक्ट्रॉनिक झाली की तसे राहत नाही: मॅग्नेटो बंद केला तर फेऱ्या जेमतेम उतरतात, इलेक्ट्रॉनिक बंद केले तर बऱ्याच उतरतात, कारण ठिणगी आधी तेच देत असते. हा दोष नव्हे. उत्पादकाने दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचा फरक आहे. पहिली उड्डाणे धावपट्टीच्या डोक्यावरच करावीत आणि चारही सिलिंडर हेडची तापमाने दर काही मिनिटांनी कागदावर लिहून ठेवावीत. लायकमिंगची कमाल मर्यादा बहुतेक मॉडेलांना 500 अंश फॅरनहाइट असली तरी 400 च्या वर आकडा सरकू लागला की थ्रॉटल कमी करून उतरावे, आणि टायमिंग पुन्हा मोजल्याशिवाय इंजिन चालू करू नये.